दात मोजा, मग भोक पाडा

गणपती गेले की पनवेल-नवीन पनवेलमध्ये प्रोजेक्टचा मोसम लागतो. डिसेंबरात पवईला आयआयटीचा टेकफेस्ट, आगेमागे कॉलेजांच्या स्पर्धा, शाळांची विज्ञान प्रदर्शनं. आणि दरवर्षी तीच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते: "मोटरवरचा गिअर बारीक दातांचा आहे, चाकावरचा जाड. थोडं फिरतात, मग कटकट करून अडकतात. कुठल्या कानशीने घासू?"

कानस खाली ठेवा. दोन वेगळ्या मापांचे गिअर घासून जुळल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. घासून वाया गेलेले मात्र डबाभर पाहिलेत. असा डबा तुमच्याकडेही असेल: एक गिअर जुन्या प्रिंटरमधून काढलेला, एक रिमोटच्या गाडीतला, दोन-तीन लॅमिंग्टन रोडवरून सुटे आणलेले, एक मित्राने थ्रीडी प्रिंटरवर काढून दिलेला. यातले कुठलेही दोन उचलून पट्टीवर बसवले तर ते जुळणं हा निव्वळ योगायोग. खाली जे सांगतो आहे ते त्याच क्रमाने करा. भोक पाडायचं काम बरंच नंतरचं आहे.

आधी मॉड्युल काढा

रसवंतीच्या चरकाला बाजूने लावलेली लोखंडी दात्यांची चाकं पाहा. एक मोठं, एक लहान असलं तरी एकमेकांत गुंतणाऱ्या दोन्ही चाकांच्या दाताचं माप तेच असतं. गिअर लहान-मोठे चालतात, दात लहान-मोठे चालत नाहीत. दाताच्या या मापाला मॉड्युल म्हणतात. ते काढायला एक व्हर्नियर कॅलिपर आणि दात मोजण्याइतका धीर पुरतो.

मॉड्युल = गिअरचा बाहेरचा व्यास ÷ (दातांची संख्या + २)

व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, दाताच्या टोकापासून समोरच्या दाताच्या टोकापर्यंत. समजा, प्रिंटरमधल्या गिअरला ४८ दात आहेत आणि व्यास २५ मिमी. २५ भागिले ५०, म्हणजे मॉड्युल ०.५. चाकावरच्या गिअरला २० दात आणि व्यास २२ मिमी. २२ भागिले २२, म्हणजे मॉड्युल १. झालं निदान. ही जोडी कधीच चालणार नाही, मग अंतर कितीही कमी-जास्त करा.

खेळण्यांतले आणि बारीक प्लास्टिकचे गिअर बहुधा ०.५ च्या आसपास निघतात. लेगो टेक्निकचे गिअर मॉड्युल १ चे. म्हणून त्यांच्या २४ दातांच्या गिअरचा पिच व्यास (मॉड्युल × दात) बरोबर २४ मिमी भरतो आणि हिशेब तोंडी करता येतो. मोठ्या रोबोवरचे धातूचे गिअर बहुतेक १, १.५ किंवा २ चे असतात.

उत्तर ०.५३, ०.७९ किंवा १.०६ असं अडनिडं आलं, तर तुम्ही चुकलात असं समजू नका. तो गिअर इंचाच्या पद्धतीचा आहे. त्या पद्धतीत व्यासाच्या एका इंचामागे किती दात हे सांगतात आणि त्याला डीपी म्हणतात. २५.४ ला डीपीने भागलं की मॉड्युल मिळतो: ४८ डीपी म्हणजे ०.५३, ३२ डीपी म्हणजे ०.७९, २४ डीपी म्हणजे १.०६. रिमोटच्या शर्यतीच्या गाड्यांमध्ये असे गिअर नेहमी सापडतात.

इथे "जवळपास सारखंच आहे की" हा मोह होतो. ३२ डीपी आणि मॉड्युल ०.८ यांत एक टक्क्याहूनही कमी फरक आहे. हलक्या भाराला ते आवाज करत का होईना, फिरतात. प्रदर्शनात टेबलावर फिरणाऱ्या मॉडेलला मी ते चालवून घेईन, वजन उचलणाऱ्या हाताला नाही. ४८ डीपी आणि ०.५ यांत मात्र जवळजवळ सहा टक्के फरक पडतो. तिथे पहिला दात गुंततो, दुसरा कसाबसा, तिसरा समोरच्या दाताच्या डोक्यावर चढतो.

मोजताना कुठे फसाल

- दात विषम असतील तर एका दातासमोर दात येत नाही, खाच येते. व्यास कमी भरतो. अशा वेळी मधल्या भोकाच्या कडेपासून दाताच्या टोकापर्यंत मोजा, त्यात भोकाचा अर्धा व्यास मिळवा आणि दुप्पट करा.
- पिनियन (जोडीतला लहान गिअर) फारच लहान असेल, म्हणजे ८ ते १२ दातांचा, तर सूत्रावर विसंबू नका. नेहमीच्या २० अंशांच्या गिअरला १७ हून कमी दात कापले की दाताचं मूळ खालून कोरलं जातं. ते टाळायला कारखाने लहान पिनियन मुद्दाम थोडा फुगवतात. मॉड्युल खोटा, मोठा येतो. त्याच्या जोडीचा मोठा गिअर हाताशी असेल तर तो मोजा.
- दात मोजताना एका दातावर मार्करने खूण करा. ४७ की ४८ यावरून वाद घालणारे चौघे मी एका टेबलाभोवती पाहिलेत. चौघांचे आकडे वेगळे होते.

आणखी एक माप आहे, दाबकोन. हल्लीचे जवळजवळ सगळे गिअर २० अंशांचे, पण जुन्या यंत्रांतून काढलेला लोखंडी गिअर साडेचौदा अंशांचा असू शकतो. मॉड्युल तोच, तरी दोघांचं जमत नाही. शंका असेल तर कॅलिपरच्या जबड्यात तीन दात धरून मोजा, मग चार दात धरून मोजा. दोन्ही मापांतल्या फरकाला मॉड्युलने भागा. उत्तर २.९५ आलं तर २० अंश, ३.०४ आलं तर साडेचौदा. हा प्रयोग धातूच्या, मॉड्युल १ किंवा त्याहून मोठ्या गिअरवरच करा. बारीक प्लास्टिकवर हाताच्या थरथरीतच फरक बुडून जातो.

आता अंतर

मॉड्युल जुळला की अर्धं काम झालं. उरलेल्या अर्ध्यात बहुतेक प्रोजेक्ट मार खातात.

दोन शाफ्टमधलं अंतर = मॉड्युल × (दोन्ही गिअरच्या दातांची बेरीज) ÷ २

मॉड्युल १, दात १६ आणि ४८. बेरीज ६४, म्हणजे अंतर ३२ मिमी. मग मुलं एमडीएफवर पट्टीने ३२ मोजतात, पेन्सिलीची फुली मारतात आणि हाताच्या ड्रिलने भोक पाडतात. ड्रिलचं टोक सुरुवातीलाच अर्धा मिलिमीटर सरकतं. हा अर्धा मिलिमीटर किती मोठा आहे पाहा: मॉड्युल ०.५ च्या दाताची पूर्ण उंचीच सव्वा मिलिमीटरहून कमी असते. म्हणजे जवळजवळ अर्धा दात गेला.

म्हणून अचूक भोक पाडायचा अट्टहास सोडा आणि मोटर सरकवता येईल अशी सोय करा:

1. चाकाचा शाफ्ट आधी पक्का बसवा, दोन्ही बाजूंनी बेअरिंग किंवा पितळी बुश देऊन.
2. मोटरच्या पट्टीला गोल भोकांऐवजी चार-पाच मिलिमीटर लांबीचे खाचे द्या. ते दोन्ही शाफ्ट जोडणाऱ्या रेषेच्या दिशेनेच हवेत. लेझर कटिंगला फाइल देत असाल तर फाइलमध्येच काढा. हाताने करायचं असेल तर शेजारी-शेजारी दोन भोकं पाडून मधला भाग कोरा. कानस वापरायची ती इथे.
3. दोन गिअरच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घाला, मोटर चाकाकडे दाबा आणि स्क्रू आवळा. मग गिअर फिरवून कागद बाहेर काढा. कागदावर स्वच्छ चुण्या दिसाव्यात, तो फाटता कामा नये. मॉड्युल दीड-दोनचा असेल तर कागद दुहेरी घ्या.
4. मोठा गिअर हाताने पूर्ण एक फेरी फिरवा. एखाद्या जागी घट्ट लागत असेल तर त्या जागी थांबून पुन्हा कागद घाला आणि तिथलंच अंतर कायम करा. सैल जागेवर अंतर ठरवलंत तर घट्ट जागी अडकणारच.
5. पहिल्यांदा कमी व्होल्टवर चालवा, बोटं आणि ओढणी दूर ठेवून.

आणि ती पिवळी मोटर, जिला दुकानात बीओ मोटर म्हणतात. तिचा शाफ्ट प्लास्टिकचा, दोन बाजूंनी चपटा, फक्त एकाच बाजूने धरलेला. त्याच्या टोकाला गिअर लटकवला की भार आल्यावर दोन्ही गिअर एकमेकांना ढकलतात, शाफ्ट वाकतो आणि दात घसरतात. टेबलावर उत्तम चालणारा रोबो जमिनीवर ठेवल्याबरोबर कटकट करू लागला, तर दहापैकी आठ वेळा हेच कारण असतं असं माझं मत झालंय. मुलं मात्र पुन्हा पुन्हा अंतर बदलत बसतात. गिअर मोटरच्या जितका जवळ बसवता येईल तितका बसवा आणि शक्य असेल तर शाफ्टच्या दुसऱ्या टोकालाही आधार द्या. त्यासाठी एमडीएफची एक छोटी पट्टी आणि तिच्यात एक भोक पुरतं.

आवाजावरून ओळखा

- प्रत्येक दाताला टकटक: मॉड्युल जुळत नाही, किंवा दाताला प्लास्टिकचा कोंब राहिलाय.
- एका फेरीत एकदाच घट्ट, मग सैल: गिअरचं भोक मध्यावर नाही. ५ मिमीचं भोक हाताच्या ड्रिलने ६ चं केलं की हे हमखास होतं. भोक मोठं करायचं तर लेथवर करून घ्या.
- रिकामं नीट, भाराला घसरतं: शाफ्ट किंवा पट्टी वाकते.
- आवाज नाही, पण मोटर तापते: गिअर फार जवळ आलेत, दाताचं डोकं समोरच्या खाचेच्या तळाला टेकतंय.
- मोटर फिरते, गिअर जागच्या जागी: ग्रब स्क्रू सैल. तो शाफ्टच्या चपट्या बाजूवर बसायला हवा, गोलाईवर टिकत नाही.

मॉड्युल जुळतच नसेल तर

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दोनपैकी एक बदलणं. तो कुणालाच आवडत नाही, कारण नेमका तोच गिअर आवडलेला असतो. तेव्हा बाकीचे मार्ग.

दोघांना एकमेकांना भेटूच देऊ नका. हा माझा लाडका उपाय. वेगळ्या मॉड्युलचे गिअर एकाच यंत्रात सुखाने राहू शकतात, फक्त त्यांचे दात एकमेकांत घालायचे नाहीत. मध्ये एक शाफ्ट घ्या आणि त्याच्यावर दोन गिअर पक्के करा. मोटरवर मॉड्युल ०.५ चा १२ दातांचा, तो मधल्या शाफ्टवरच्या ०.५ च्याच ४८ दातांच्या गिअरला फिरवेल. त्याच शाफ्टवर शेजारी मॉड्युल १ चा १६ दातांचा, तो चाकावरच्या ४० दातांच्या गिअरला फिरवेल. पहिल्या टप्प्यात वेग चौपट कमी, दुसऱ्यात अडीचपट, एकूण दहापट. २०० आरपीएमची मोटर असेल तर चाकाला २० मिळतील आणि जोर जवळपास दहापट वाढेल, घर्षणात जाईल तेवढा वजा करून. अंतरं १५ आणि २८ मिमी. बारीक दात मोटरकडे आणि जाड दात चाकाकडे ठेवा, उलट करू नका. जोर चाकाकडेच जास्त असतो.

एक गिअर प्रिंट करा. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा शाळेतल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर असेल तर जुळणारा गिअर तासा-दोन तासांत मिळतो. पण नेहमीच्या ०.४ मिमी नोझलने मॉड्युल १ हून बारीक दात धड निघत नाहीत. मॉड्युल १ चा दात मध्यावर १.५७ मिमी जाड, म्हणजे प्लास्टिकच्या चारच रेघा. दीडचा घेतलात तर झोप लागेल. दातांमध्ये ०.१ ते ०.२ मिमी मोकळीक ठेवा. आणि पहिला थर नेहमी थोडा पसरतो, तो पसरलेला कडेचा भाग कटरने काढल्याशिवाय गिअर बसवू नका. गेल्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका गटाने तीन वेळा फाइल बदलली, चार वेळा प्रिंट केलं. दोष एवढाच होता. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं, म्हणून मे महिन्यात रोबो उन्हात उभ्या गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका.

गिअर कापून घ्या. धातूचाच हवा असेल तर तळोजा एमआयडीसीसारख्या ठिकाणी जॉबवर्क करणारी वर्कशॉपं असतात. तिथे "असाच एक करून द्या" म्हणून नमुना पुढे करू नका. कागदावर पाच गोष्टी लिहून न्या: मॉड्युल, दातांची संख्या, दाबकोन, भोकाचा व्यास, रुंदी. आणि आधी विचारा की या मॉड्युलचा कटर आहे का. मिलिंगवर गिअर कापायचे कटर प्रत्येक मॉड्युलला आठांच्या संचात येतात, दातांच्या संख्येप्रमाणे वेगळा नंबर लागतो. तो नसेल तर कारागीर जवळचा लावून वेळ मारून नेईल आणि तुम्ही पुन्हा कटकटीवर याल. एकच गिअर कापून घेणं महागही पडतं, म्हणून मी हा मार्ग शेवटी ठेवतो.

गिअर सोडूनच द्या. अंतर जास्त असेल तर दात्यांचा पट्टा, म्हणजे जीटी-२ बेल्ट आणि पुल्या वापरा. पुलीच्या दातांची संख्या बदलली की वेगाचं प्रमाण बदलतं. मोठ्या रोबोला सायकलची चेन आणि दातेरी चाकं चालतात. तिचा पिच अर्धा इंच, आणि ती कुठल्याही सायकल दुरुस्तीवाल्याकडे मिळते. बेल्ट आणि चेन दोघांनाही एक-दोन मिलिमीटरची चूक चालते, ताण नीट दिला की झालं.

खरेदीला जाताना

पनवेलहून हार्बरने थेट मशीद बंदरला उतरलात की नागदेवी स्ट्रीट चालत गाठता येते. बेअरिंग, पुल्या, चेन, हत्यारं यांची दुकानं तिथे ओळीने आहेत. मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी लॅमिंग्टन रोड. कुठेही जा, सोबत कॅलिपर न्या आणि जुना गिअरही न्या. काउंटरवरच मोजा. शक्यतो जोडी एकाच दुकानातून घ्या.

ऑनलाइन घेताना फोटोवर जाऊ नका. वर्णनात मॉड्युल, दात आणि भोक हे तीन आकडे नसतील तर ती वस्तू सोडून द्या. मी एकदा मॉड्युल १ म्हणून मागवलेले चार गिअर घरी मोजले तर १.०६ निघाले. वर्णनाचा स्क्रीनशॉट जपून ठेवला होता म्हणून पैसे परत मिळाले.

तुमचे हक्क थोडक्यात:

- बिल मागा. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे.
- सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा त्याच कायद्याप्रमाणे अनुचित प्रथा.
- ऑनलाइन आलेला माल वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला तो परत घेणं नाकारता येत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तसं आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं.
- दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पण एक लक्षात घ्या. तुम्ही न मोजता ०.५ ऐवजी १ चा गिअर उचलून आणलात, तर तो गिअर सदोष नाही. तो बदलून मिळाला तर दुकानदाराचे आभार माना.

वंगण

थोडंसंच. प्लास्टिकवर सिलिकॉन ग्रीस, धातूवर साधं ग्रीस, काडीच्या टोकाने. घरातलं खोबरेल तेल लावू नका. ते २४ अंशांच्या खाली थिजतं, आणि डिसेंबरातल्या पहाटे पनवेलमध्येही थिजतं. सकाळी रोबो हलेना म्हणून मोटर बदलायला निघालेल्या दोघांना मी बाटली दाखवली होती. लोखंडी गिअर पावसाळ्यात उघड्यावर ठेवलात तर गणपतीपर्यंत तांबडे होतील, त्यांना तेलाचा हात फिरवून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा.

जुळणारी नवी प्लास्टिकची जोडी खरखरत असेल तर दातांवर थोडी टूथपेस्ट लावून हलक्या भाराने पाच मिनिटं फिरवा आणि मग पाण्याने पूर्ण धुवा. मॉड्युल वेगळा असेल तर टूथपेस्टची अख्खी ट्यूबही उपयोगाची नाही.

स्पर्धेच्या आदल्या रात्री

आता नवा गिअर शोधायची वेळ गेलेली असते. घसरत असेल तर शाफ्टच्या मोकळ्या टोकाला आधार द्या, व्होल्ट थोडे उतरवा, रोबोवरचं नको ते वजन काढा. ग्रब स्क्रू एकदा काढून थ्रेड-लॉक लावून पुन्हा आवळा आणि रात्रभर राहू द्या. थ्रेड-लॉक प्लास्टिकच्या गिअरला लागू देऊ नका, काही प्लास्टिक त्याने तडकतं.

जादा म्हणून सुटा गिअर नेऊ नका, तो मैदानावर बसवता येत नाही. मोटर आणि गिअर लावलेली अख्खी पट्टीच दुसरी तयार ठेवा. कागद घालून अंतर जमवलं की खाच्याजवळ स्क्रूच्या कडेने बारीक मार्करने रेघ ओढा. पट्टी बदलताना ती रेघ रेघेला लावायची आणि आवळायचं, की दोन मिनिटांत रोबो पुन्हा रांगेत.